दोन संध्याकाळी खाणारा निळा पडदा

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लॅपटॉपमध्ये लागते, शिवाय प्रोसेसरही ठरलेल्या यादीतला हवा. माझा लॅपटॉप २०१४ चा. यंत्र ठणठणीत, पण नियमात बाद. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तिचीही एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. पेन ड्राइव्ह तयार करण्यापासून इन्स्टॉल संपेपर्यंत सगळं निमूट पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रडगाणं वायफायचं आहे.

मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरने वायफायच्या चिपसाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्राम, सुचवला. तो उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी तो ड्रायव्हर! शेवटी फोन यूएसबी केबलने जोडून टेथरिंग केलं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला. कशासाठी, ते तिथे लिहिलं होतं म्हणे. मी वाचलं नाही. काहीतरी टाकला, रिस्टार्ट दाबलं आणि पाणी प्यायला उठलो. परत येतो तर डेस्कटॉप हजर, वायफाय गायब.

ड्रायव्हर काढला, परत टाकला. परत पासवर्ड, परत रिस्टार्ट, परत ठणठणाट. दुसऱ्या संध्याकाळी मुद्दाम समोर बसून राहिलो, तेव्हा कुठे दिसलं की सुरू होताना मध्येच एक निळा पडदा येतो. मला वाटलं, काहीतरी बिघाड दाखवतोय, जाईल आपोआप. गेलाच. दहा सेकंदांत.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ड्रायव्हर हाताने चालू करून पाहिला. उत्तर आलं: चावी नाकारली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सिक्युअर बूट ही लॅपटॉपची सुरक्षा-सोय चालू असेल तर मंजूर चावीने डिजिटल सही केलेलाच ड्रायव्हर चालतो. हा ड्रायव्हर माझ्याच लॅपटॉपवर तयार होतो, त्यावर सही होते ती तिथेच बनलेल्या चावीने, आणि त्या चावीला मंजुरी द्यायला कीबोर्डपाशी खराखुरा माणूस लागतो. तो निळा पडदा म्हणजे मंजुरीची खिडकी. दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही की खिडकी बंद, अर्ज रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

कारण पटतं. कुठल्या घुसखोर प्रोग्रामने परस्पर मंजुरी घेऊ नये, हे योग्यच. पण दहा सेकंद? आणि बटण दाबून आत गेलं तरी आधीपासून निवडलेला पर्याय 'कंटिन्यू बूट'! त्यावर भोळेपणाने एंटर मारलं की पुन्हा फुकट. खालचा 'एन्रोल एमओके' (म्हणजे ती चावी नोंदवा) निवडायचा, पुढे 'कंटिन्यू', मग 'यस', मग ड्रायव्हर बसताना ठरवलेला तो पासवर्ड, मग रिबूट. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही आणि कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा धरलेला असतो, म्हणून चिन्हंबिन्हं न घालता साधी अक्षरं नि आकडेच ठेवा.

बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद केलं असतं तर हे सगळं टळलं असतं, तो सरळ रस्ता आहे. मी हट्टाने गेलो नाही.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: डिस्क पुसण्याआधी फायली बाहेर काढून घ्या. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, लॅपटॉपचा वेग खरा त्यानेच वाढतो. ४ जीबी रॅममध्ये मिंट सुखाने चालतं, पण ब्राउझरचे वीस टॅब तेवढ्या रॅममध्ये कुठलंही लिनक्स पेलणार नाही. तुमचा प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मिंट विसराच. डेबियन या दुसऱ्या लिनक्सनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं बंद केलंय.

चौथ्या खेपेला बोट बटणावर ठेवूनच बसलो होतो. वायफायची चार दांडकी उमटली तेव्हा एकटाच मोठ्यांदा हसलो. तो पासवर्ड मोठ्या अक्षरांत वहीत उतरवून ठेवला होता. नंतर कळलं, तो एकदाच लागतो.