करंगळीचा एक्स-रे आणि माझ्यावरचा गुन्हा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचे घर आणि शेजारच्या आप्पांचे घर यांच्यामधून एक सामाईक गटार जाते. 2025 च्या जूनमध्ये ते तुंबले, पाणी आधी कुणाच्या सोप्यात शिरले यावरून शब्दाने शब्द वाढला आणि मी आप्पांना ढकलले. ते दगडी पायरीवर डाव्या हातावर आपटले. आज हे मोकळेपणाने लिहिता येते, कारण प्रकरण मिटले आहे. ते चालू होते तोवर माझ्या वकीलबाईंनी एवढे वाक्यसुद्धा मला कुणापाशी बोलू दिले नव्हते.

आप्पांनी त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि ती अदखलपात्र, म्हणजे ‘एनसी’ म्हणून नोंदली गेली. तिच्यात भारतीय न्याय संहितेची तीन कलमे होती: साध्या दुखापतीचे 115(2), शांतताभंग व्हावा अशा हेतूने केलेल्या अपमानाचे 352 आणि धमकीचे 351(2). गल्लीतल्या भांडणात हे त्रिकूट जवळपास ठरलेले असते. 1 जुलै 2024 रोजी नवा कायदा लागू होण्यापूर्वी त्यांना अनुक्रमे 323, 504 आणि 506 म्हणत, आणि अजूनही पानपट्टीपासून कोर्टाच्या कँटीनपर्यंत लोकांच्या तोंडी तेच जुने आकडे आहेत. पहिल्याला एक वर्षापर्यंत, उरलेल्या दोहोंना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. एवढे वाचून मी निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो.

चार दिवसांनी आप्पांचे बोट सुजलेलेच राहिले म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेले आणि एक्स-रेत करंगळीच्या हाडाला तडा गेलेला निघाला. कलम 116 मध्ये ‘जबर दुखापत’ कशाला म्हणायचे याची यादी आहे. त्यात डोळा जाणे, अवयव निकामी होणे अशा भयंकर गोष्टींच्या पंक्तीतच हाड किंवा दात मोडणेही बसवलेले आहे, आणि हाड मांडीचे की करंगळीचे असा भेद तिथे नाही. वैद्यकीय दाखला ठाण्यात पोहोचताच 115(2) च्या जागी 117(2) आले. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, आणि मुख्य म्हणजे ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना त्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येतो. प्रकरणात एक जरी कलम दखलपात्र असले तरी सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते. म्हणजे मी काही नवे केलेले नसताना, एका काळ्या फिल्मवरच्या केसाएवढ्या रेघेने माझी बाजू पार बदलून टाकली होती.

त्या रात्री मी ‘सात वर्षे’ एवढेच दोन शब्द घोकत बसलो होतो. सकाळी भेटलेल्या वकीलबाईंनी शिक्षेचा आकडा बाजूला ठेवायला सांगितला आणि विचारले, “काका, कलम जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे बघितलंत का?” 117(2) दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहे, म्हणजे अटक झालीच तरी जामीन मिळणे हा माझा हक्क होता, कुणाची मेहेरबानी नव्हती. दखलपात्र म्हणजे पोलीस काय करू शकतात आणि जामीनपात्र म्हणजे मी काय मागू शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी समजले. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली होती. संवेदनशील गुन्हे वगळता ती तिथे टाकावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे.

मग ठाण्यातून फोन आला: “साहेबांनी बोलावलंय, तासाभरात या.” नोटीस मागितली तेव्हा व्हॉट्सअॅपवर तिचा फोटो आला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये अशा नोटिसा व्हॉट्सअॅपवर बजावू नयेत असे सांगितले आहे, आणि हे वकीलबाईंनी फोनवरून अगदी नरमाईने कळवल्यावर दुसऱ्या दिवशी हवालदार कागद घेऊन दारात आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची ती नोटीस होती. अटकेची गरज नसेल तेव्हा अशी नोटीस देऊन माणसाला चौकशीस बोलवायचे असते. तो सांगितल्याप्रमाणे हजर राहत असेल तर, कारणे लेखी नोंदवल्याशिवाय, त्याला त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही, आणि तो हजर राहिलाच नाही तर मात्र करता येते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात 2014 मध्येच बजावलेले आहे. आमच्या गल्लीत नोटीस म्हणजे अब्रू गेली असे मानतात. माझ्या दृष्टीने तो अटकेपासून आडोसा देणारा कागद होता आणि मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला.

ठाण्यात नाव, पत्ता आणि व्यवसाय मी बरोबर सांगितला, कारण तिथे लपवालपवीला जागाच नाही. घटनेबद्दल विचारले तेव्हा, वकिलांशी बोलून सांगतो, एवढेच म्हणालो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधला हक्क आहे. पण तो समोर खुर्चीत बसून वापरताना तोंडाला कोरड पडते, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नसते. शेवटी एका अंमलदाराने जबाबाचा टंकलिखित कागद पुढे सरकवला आणि मी न बोललेली चार वाक्ये त्यात होती. “सही करा आणि मोकळे व्हा,” ते म्हणाले. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे मला आदल्या दिवशी बजावून सांगितलेले होते, म्हणून मी नोटीस मिळाल्याच्या पोचेवर सही केली आणि तो कागद हात जोडून परत दिला. त्यावर थोडी आदळआपट झाली, पण पुढे काही झाले नाही. बाईंनी नंतर एक गोष्ट सांगितली: पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, तरीही असा कागद माणसाच्या डोक्यावर टांगत्या तलवारीसारखा राहतो.

त्या ऑगस्टमध्ये सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ, सुरू झाले आणि जो तो मला विचारू लागला, “तुमची केस बेंचला लागली का?” माझी केस कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होती. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर समन्स आले, मी हजर झालो, जातमुचलका, म्हणजे हजर राहण्याचे लेखी हमीपत्र, दिला, आणि जामीनदार म्हणून माझे मेहुणे घरफाळ्याची पावती घेऊन दिवसभर बाकावर बसून राहिले. दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब आणि वैद्यकीय दाखला यांच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. एक्स-रेचा अहवाल मी प्रथम तिथेच पाहिला.

त्याच बाकावर एक बाई भेटल्या. मुलाच्या भांडणात त्यांचेही नाव गोवले गेले होते आणि वकिलाला द्यायला पैसे नव्हते. कुणीतरी त्यांना सांगितले होते की साहेबांनी विचारल्यावर ‘कबूल’ म्हणायचे, दंड भरायचा आणि सुटायचे. त्या ‘कबूल’चा अर्थ दोषसिद्धी असा होतो, दंडावर भागले तरी ती कायमची नोंद राहते आणि उद्या नोकरीच्या पडताळणीत निघते, हे मी त्यांना सांगितले. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याचे कार्यालय न्यायसंकुलातच आहे. मी त्यांना दारापर्यंत पोहोचवले आणि 15100 हा क्रमांकही लिहून दिला. तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला.

आप्पांशी बोलणे दिवाळीच्या फराळावरून सुरू झाले. कुणी पुढाकार घेतला ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही घरांतल्या बायकांनी घेतला. 117(2) मध्ये तडजोड करता येते, पण न्यायालयाच्या परवानगीने, आणि परवानगी मागण्याचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा असतो. आप्पांच्या औषधपाण्याचा खर्च मी दिला आणि पुढच्या तारखेला दोघांच्या सहीची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, दाखल झाली. न्यायाधीशांनी आप्पांना एकट्याला पुढे बोलावून, कुणाच्या दबावाखाली सही केली नाही ना, असे दोनदा विचारले. आप्पांनी वाकडी राहिलेली करंगळी वर करून दाखवली आणि म्हणाले, “साहेब, हिच्यासाठी किती वर्षं एकमेकांची तोंडं न बघता राहायचं?”

तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो, पण तो सांगून कुणाला पटत नाही. म्हणून मी आदेशाची प्रमाणित नक्कल काढून घेतली. ती आता घरफाळ्याच्या पावत्यांच्याच फाईलमध्ये आहे. यंदा पाऊस लागायच्या आधी गटार दोघांनी मिळून उपसायचे ठरले आहे, आणि खोरे आप्पांच्या घरी आहे.