कॉन्व्हेंटचं गॅदरिंग आणि कापडाची उलटी बाजू

नागपुरात ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द निमंत्रणपत्रिकेपुरता. बोलताना गॅदरिंगच. मुलींच्या कॉन्व्हेंटचं गॅदरिंग नाताळाच्या सुटीआधी, डिसेंबरात. विधिमंडळाचं अधिवेशनही त्याच सुमारास असतं, म्हणून तारीख ठरवताना सिस्टर मोर्च्यांचा अंदाज आधी घ्यायच्या. सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडले की निम्मे पालक पहिल्या नाचाला पोचायचेच नाहीत.

गॅदरिंगची खरी सुरुवात रंगमंचावर नव्हे, एका वर्गखोलीत व्हायची. तिथे वर्षभराच्या शिवणकाम-भरतकामाचं प्रदर्शन असे. या हौसेचं मूळ लांबचं आहे. संत जोसेफच्या धर्मभगिनींचा संघ १६५० साली फ्रान्समधल्या ल पुई गावी सुरू झाला. ते गाव लेसचं. निराधार मुलींना चार पैसे मिळावेत म्हणून या भगिनी त्यांना लेस विणायला शिकवत. या संघाच्या सिस्टर नागपुरातल्या मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सुईदोरा त्यांच्यासोबत होताच.

प्रदर्शनाला परीक्षक यायच्या आणि टेबलक्लॉथ हातात घेताच पहिल्यांदा उलटा करायच्या. सुलट बाजूचा गुलाब नंतर. मागे गाठ दिसली की गुण कापलेच, कारण इस्त्री फिरवल्यावर ती पुढच्या बाजूला पुटकुळीसारखी उठते. म्हणून गाठ मारायचीच नाही. दोऱ्याचं बोटभर टोक मागे धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबायचं. मॅटीच्या कापडावरच्या क्रॉस टाक्याला सहा पदरांपैकी दोनच पदर आणि दोरा हातभर. लांब घेतला तर तो पिळतो, कापडातून पुन्हापुन्हा जाऊन त्याची चमकही जाते. फुलीची वरची तिरपी रेघ अख्ख्या कापडावर एकाच बाजूला झुकलेली हवी. एका ओळीत ती उलटी पडली तर उजेड तिथे वेगळा पडतो आणि चूक दारातून दिसते. दहावीच्या मुलींचेही टाके यासाठी उसवले जायचे. ते योग्यच होतं.

मैदानावर रंगमंच उत्तरेकडे तोंड करून बांधायचा. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. रंगमंचाचं तोंड पश्चिमेला केलं तर पाच वाजता पहिलीच्या मुली डोळे चोळत नाचणार. रात्री दव पडायचं. क्रेप कागदाच्या फुलांचा रंग दवात पांढऱ्या झालरीवर उतरतो, म्हणून जाणत्या टीचर झालरीला कापडाचीच फुलं लावत. पडद्यावर कागद चिकटवायच्या मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद पडे, कीड लागू नये म्हणून. देवदूतांच्या पंखांना मात्र मोरचूद चालत नाही, पांढऱ्या मलमलीवर निळसर झाक येते. पंख जाड तारेचे, जुन्या मलमलीचे. साबुदाण्याची खळ देऊन ते सावलीत वाळवायचे. उन्हात वाळवले की मलमल आकसते आणि तार वाकते. दोन्ही पंख पाठीवरच्या एका पुठ्ठ्याला शिवायचे, फ्रॉकला नाही. फ्रॉकला शिवले तर वजनाने गळा मागे ओढला जातो आणि छोटा देवदूत सगळा वेळ गळाच सावरत बसतो.

येशूजन्माच्या देखाव्यातला गोठा बांबूचा आणि भंडाऱ्याकडच्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा. आत बल्ब सोडताना तणसापासून हातभर दूर. गॅदरिंगमधला बाळ येशू म्हणजे कुणाच्या तरी घरची बाहुली; चॅपेलच्या गोठ्यातली मूर्ती २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीशिवाय गव्हाणीत ठेवत नाहीत.

योसेफ मुलगीच, मेंढपाळ मुलीच, मराठी नाटकातला सरपंचही मुलगीच. धोतर सुटू नये म्हणून कंबरेला आधी नाडा, मग गाठ, मग तीन सेफ्टी पिना. चिकटवलेली मिशी हसलं की सुटते, त्यापेक्षा काजळाची बरी. कॉन्व्हेंटमध्ये मराठीकडे दुर्लक्ष होतं असं बाहेरचे म्हणत, पण दंडार, म्हणजे विदर्भातलं लोकनाट्य, सुरू झाली की सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच पडायच्या.

बक्षीस वाटपात धर्मशिक्षणाचं बक्षीस कॅथलिक मुलींना आणि मूल्यशिक्षणाचं इतरांना. दोन्हींना सारखंच पुस्तक.

शेवटी कॉयर. मागच्या रांगेला टेबलं, मधलीला बाकं, पुढची जमिनीवर. खालच्या पट्टीतल्या मुली मधोमध उभ्या करायच्या. त्या कडेला गेल्या की वरच्या आवाजामागे वाहवत जातात. थंडीत, उघड्यावर, पियानोशिवाय गाताना स्वर हळूहळू उतरतो आणि शेवटच्या कडव्यात पियानो आला की फरक उघडा पडतो. म्हणून एकतर पियानो आधीपासून, नाहीतर शेवटपर्यंत नाहीच. सूर धरण्याआधी सिस्टर फक्त हनुवटी किंचित वर करायच्या, आणि साठ मुली एकदम श्वास घ्यायच्या. तो श्वास शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू यायचा.

मग प्रत्येकीच्या हातात एक संत्रं, आंबिया बहाराचं. दुसऱ्या दिवशी तणस गुरांना जाई, धोतरं धोब्याकडे, आणि पंख जुन्या चादरीत गुंडाळून शिवणाच्या खोलीत खुंटीवर, टोकं खाली करून.