ओनायडा लेकच्या तोंडाशी दोन दिवस

सप्टेंबरमधे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कॅनॉलवर आठवडाभर भाड्याची बोट घेऊन फिरलो, आम्ही चौघं, त्यात बोटीचा थोडाफार अनुभव फक्त मला. कॅनॉलमधे तसं टेन्शन नसतं, बहुतेक ठिकाणी वेगमर्यादाच ताशी 10 मैल, पाऊस आला तर रेनकोट चढवायचा आणि चालू पडायचं. त्यामुळे पुढचा प्रवासही असाच असणार असं धरून चाललो होतो.

पूर्वेकडून जाताना सिल्व्हन बीचला कॅनॉल संपतो आणि एकदम समोर ओनायडा लेक, पलीकडचं ब्रूअरटन साधारण 21 मैलांवर. नावाला लेक, वागणं खाष्ट सासूचं! पसरलाय पूर्व-पश्चिम आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे त्याला धावायला अख्खी लांबी मोकळी, वर पाणी उथळ, सरासरी खोली 22 फुटांच्या आसपास. त्यामुळे लाटा लांबलचक न येता आखूड आणि उभ्या येतात, एकीतून सावरतोय तोवर दुसरी. दोन-तीन फुटांच्या लाटा ऐकून मीपण हसलो होतो.

पहिल्या दिवशी अकरा वाजता ऊन पडलेलं बघून निघालो (ऊन बघून! वारा कोण बघणार), पंधरा मिनिटांत कपाटातलं सगळं खाली, बोटीचं नाक आपटतंय, एकाला उलटी, मग मागे फिरायचं ठरवलं तर खरी फाटली तेव्हाच, कारण वळताना काही क्षण बोट लाटांना आडवी होते आणि उंच केबिनची सपाट बुडाची बोट अशी कलते की विचारू नका. दोन लाटांमधली जरा शांत जागा बघून एका दमात वळवली. सगळी चूक माझीच.

मग दोन दिवस कॅनॉलच्या भिंतीला बांधून बसलो. शेजारच्या बोटीवरचे आजोबा रोज पहाटे चालत बीचवर जायचे, पाणी बघायचे आणि परत येऊन झोपायचे. दुसऱ्या दिवसापासून मीपण त्यांच्यामागे. कारण आत भिंतीशी सगळं शांत वाटतं, लेकचा अंदाज तिथून येतच नाही.

जाणाऱ्यांनी एवढं करा. फोनवर नुसतं ढग-पाऊस बघू नका, नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (अमेरिकेचं सरकारी हवामान खातं) तासातासाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा आणि झोत दोन्ही असतात, ते बघा. वारा पहाटे बऱ्याचदा पडलेला असतो आणि दुपारी चढतो, म्हणून उजाडताच निघायचं, आमच्यासारख्या संथ बोटीला पलीकडे जायला तीन तासांच्या वर लागतात हे धरून. लॉकवाल्यांशी (लॉक म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली न्यायचा दारांचा हौद) बोटीवरच्या रेडिओच्या चॅनल 13 वर बोलता येतं, पुढची लॉक्स चालू आहेत ना ते आधी विचारून घ्या, कारण जोराचा पाऊस झाला की पाणी चढून लॉक्स बंद ठेवतात आणि ओंडके वाहत येतात ते वेगळंच. थांबणार असाल तर पाण्याची टाकी आधी भरा, टॉयलेटची टाकी रिकामी करा, आमची दुसऱ्या रात्री भरत आली आणि बोटीतलं वातावरण लेकपेक्षा वाईट झालं. दोर अगदी ताणून बांधू नका, पाणी खालीवर होतं, रात्री एकदा उठून बघाच.

आणि बुकिंग करताना दोन दिवस मोकळे ठेवा. आम्ही एकही ठेवला नव्हता, "परवा बोट परत द्यायचीय" एवढ्या एका कारणासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लेकमधे निघायचं का यावर वाद झाला, तीन विरुद्ध एक, आणि तो एक मी असल्यामुळे आणि चावी माझ्या खिशात असल्यामुळे थांबलो. उशिराचं फोन करून सांगितलं, भाडं जास्त भरलं.

तिसऱ्या पहाटे वारा पडला, तर धुकं! वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा दिसेनात. आजोबा म्हणाले तासभर थांब, थांबलो, आणि मग आरशासारख्या पाण्यावरून सरळ ब्रूअरटन, वाटेत कोणी एक शब्द बोललं नाही, तिघंही झोपले होते.