रावे, राज्यसेवा आणि पदवीचं शेवटचं वर्ष

ॲग्रीला प्रवेश घेतला की पहिल्याच महिन्यात सिनिअर विचारतात, "काय, स्पर्धा परीक्षा की पीजी?" तिसरं काही असतं असं आमच्याकडे कुणी फारसं धरत नाही. मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली, २०२१ च्या बॅचची. वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर राज्यसेवावाल्या, म्हणजे एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, होत्याच. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि त्याखाली अभ्यासक्रमाची झेरॉक्स, एवढ्यावरून खोली ओळखू यायची.

पहिली दोन वर्षं मी बालभारतीची पुस्तकं आणि रोजचा पेपर यापलीकडे गेले नाही. सकाळी प्रात्यक्षिकं, मग लेक्चर, ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार, वर हर्बेरियम, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या वनस्पती, आणि किडे गोळा करून पेटीत टाचायचं सबमिशन. यातून रोज दहा-दहा तास अभ्यास काढणाऱ्या मुलींच्या कथा मी भरपूर ऐकल्या. एटीकेटी लागल्याच्या कथाही त्याच मुलींच्या असायच्या, हे मात्र सांगणारे सांगत नाहीत.

तिसऱ्या वर्षी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि कॉलेजच्या वह्यांकडे बघण्याची नजर बदलली. मृदाशास्त्रातली काळी माती भूगोलात होती. हमीभाव कोण सुचवतं आणि कोण जाहीर करतं, हे कृषी अर्थशास्त्राच्या सरांनी शिकवलेलं अर्थव्यवस्थेत विचारलं होतं. हवामानशास्त्रातला मान्सून तर दोन्हीकडे. मग मी एक सवय लावून घेतली. वहीतल्या ज्या मुद्द्यावर आयोगाने प्रश्न विचारलाय, त्याच्या समासात ते साल लाल पेनाने टाकायचं. सेमिस्टरच्या आदल्या रात्री वही वाचली की दोन्ही कामं व्हायची. इतिहास आणि राज्यघटना मात्र या वह्यांत सापडत नाहीत. त्यासाठी सुट्ट्या ठेवल्या. राज्यघटनेचं एकच पुस्तक धरलं आणि तेच पुन्हा पुन्हा वाचलं.

वर्गातल्या काही जणी चौथ्या वर्षाआधीच पुण्याचं बोलायला लागल्या. कॉट बेसिसवर जागा, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, सगळ्याची बेरीज करून बघितली आणि मी घरी विषयच काढला नाही. पदवी हातात यायच्या आधी पेठांत जाऊन बसण्यात मला आजही अर्थ वाटत नाही.

शिवाय सातव्या सेमिस्टरला रावे होतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. कृषिकन्या म्हणून गावात राहायचं, बीजप्रक्रिया दाखवायची, निंबोळी अर्क करून दाखवायचा, माती परीक्षणाचे नमुने घ्यायचे आणि बॅनर धरून फोटो काढायचा. अभ्यासाच्या दृष्टीने हे सेमिस्टर वाया जातं असं सगळे म्हणतात.

आम्ही गावात असतानाच, ऑगस्ट २०२४ मध्ये, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २५ ऑगस्टची राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी येत होती, आणि कृषी सेवेच्या २५८ जागा त्या जाहिरातीत घ्याव्यात ही दुसरी मागणी होती. ही दुसरी मागणी थेट आमचीच. मोबाईलला रेंज मिळेल तिथे उभं राहून आम्ही बातम्या बघत होतो. परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली.

ती २५ ऑगस्ट उलटली आणि आठवडाभरात पाऊस आला. सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेला परभणी, हिंगोली, नांदेडकडे जो कोसळला, त्यात आमच्या गावच्या ओढ्याकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. पीक विम्यासाठी तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची. अनेकांच्या मोबाईलवर ॲप उघडत नव्हतं, टोल फ्री नंबर लागत नव्हता. ज्या काकांनी आम्हाला बीजप्रक्रियेला शेत दिलं होतं ते म्हणाले, "पोरींनो, तुमचं ते फोटोचं राहू द्या, आधी एवढं भरून द्या." मग आम्ही मंदिराच्या ओट्यावर बसून एकेकाचा सर्व्हे नंबर विचारत अर्ज भरत राहिलो. पुढे तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हा त्यांच्या मागे बांधाबांधाने फिरले. कुणाच्या सहीने काय पुढे सरकतं, कागद कुठे अडतो, सातबारा आजोबांच्या नावावर आणि कसणारा नातू असेल तर काय होतं, हे तिथे कळलं. तालुका कृषी अधिकारी हे पद तोवर माझ्यासाठी पसंतीक्रमातली एक ओळ होती.

फॉर्म भरला तो आठव्या सेमिस्टरमध्ये. अंतिम वर्षाला असताना पूर्व परीक्षेचा अर्ज करता येतो, हे माहीत नसलेली मुलं अजून भेटतात. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली : निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे २५० गुणांचे सात पेपर, म्हणजे १७५० गुण. मराठी-इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेपुरते. या बदलाला आधी खूप विरोध झाला होता, म्हणून तर तो २०२३ ऐवजी २०२५ ला आला. वर्षानुवर्षं पर्यायांवर गोल करत आलेल्यांना तो जड जाणार, यात शंका नाही. आम्हाला मात्र दर सेमिस्टरला थिअरी लिहून लिहून हात बसलेला होता. कॉलेजात असण्याचा एवढा उघड फायदा मला दुसऱ्या कशात दिसला नाही.

पूर्व परीक्षा २८ सप्टेंबर २०२५ ला होती. पुन्हा मराठवाड्यात पाणी, पुन्हा परीक्षा पुढे, या वेळी ९ नोव्हेंबरला. पदवी झाली होती, मी घरी होते. वाढीव आठवड्यांत नवीन काही हातात घेतलं नाही, सीसॅटचे, म्हणजे पूर्वच्या दुसऱ्या पेपरचे, उतारे घड्याळ लावून सोडवले. त्या पेपरला ३३ टक्केच लागतात म्हणून त्याकडे कुणी बघत नाही, आणि पहिल्या पेपरात चांगले गुण असून त्यातच अडकलेले मी दोघे तरी बघितलेत.

सध्या मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे. वैकल्पिक विषय कृषीच घेतलाय. एक मैत्रीण आणि मी एकमेकींची उत्तरं तपासतो. कृषी विस्तारावरचा प्रश्न आला की माझ्या उत्तरात ओढ्याकाठचं सोयाबीन येतंच, आणि ती दर वेळी समासात "शब्दमर्यादा" असं लिहून खाली रेघ मारते. वैकल्पिकच्या दुसऱ्या पेपरातलं वनस्पती प्रजनन कॉलेजात डोक्यावरून जायचं, ते अजून तसंच जातंय.