पोरीच्या शाळेत पोलीस आले

मागच्या आठवड्यात आईला फोनवर सहज सांगितलं की उद्या पोरीच्या शाळेत पोलीस येणारेत, तर तिकडून एकदम, "काय केलं रे तिनं?" काही नाही गं, सायकलची परीक्षा आहे. मग तर आई जास्तच गोंधळली.

इथं जर्मनीत चौथीतल्या पोरांना शाळेतच सायकल शिकवतात, म्हणजे चालवायला नाही, रस्त्यावर वागायला. पोलीस शिकवतात, छोटे रस्ते आखलेलं मैदान, त्यावर सिग्नल, बोर्ड, सगळं खरं. लेखी पेपर पण असतो. आणि डावीकडं वळायचं तर आधी मागं बघायचं, हात काढायचा, रस्त्याच्या मधे यायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं, परत एकदा खांद्यावरून मागं बघायचं, मग वळायचं. एवढ्यात आपल्याकडं बेळगावात माणूस गोवावेसला पोचून चहा पिऊन येईल.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरनं. पोरीची सायकल तपासून परत पाठवली, का तर मागचा दिवा लागत नाही! सोबत चिठ्ठी, पुढं पांढरा दिवा, मागं लाल, घंटी, दोन स्वतंत्र ब्रेक, पेडलला रिफ्लेक्टर. उद्यमबागच्या फौंड्रीत घडलेल्या माणसाला, जो इथं स्टुटगार्टला कास्टिंगमधल्या चुका काढायचा पगार घेतो, त्याला चौथीच्या शाळेनं दिवा बसवून आणायला सांगितलं. दोन दिवस मी घरात हेच बोलत होतो, बायको कंटाळली. तरी शनिवारी गेलो की दिवा आणायला.

आमचं सायकल शिकणं म्हणजे तासावर भाड्यानं आणलेली सायकल, सीटवर पाय पोचायचे नाहीत म्हणून दांडीखालनं पाय घालून कैची मारायची. ब्रेक एकच, तोही मागचा, नाहीतर चप्पल. अनगोळहून टिळकवाडीला शाळेला जाताना रेल्वे गेट पडलेलं असलं की सायकल आडवी करून गेटखालनं सारायची आणि आपण पण मागनं वाकून. आता हे लिहितानाच अंगावर काटा येतोय, पण पंक्चर मात्र आम्ही स्वतः काढायचो, पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे कुठनं येतात बघायचं. पोरीला विचारलं तर म्हणते दुकानात देतात ना. बघा!

आजोबा खडेबाजारात हिशेबनीस होते. त्यांना पावकी, निमकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा तोंडपाठ, मोडी लिपी भराभर वाचायचे, आणि १९५७ ला नवे पैसे आले तसं आण्या-पैचं ते गणित हळूहळू निकामी झालं. त्याच्या आदल्याच वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेलं, त्यामुळं बाबांच्या वेळेला नोकरीसाठी कन्नड लागायला लागलं, आजोबांच्या शाळेत ते कधी नव्हतंच. माझ्या एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मराठी १२५ मार्कांची पहिली भाषा, शिवाय कन्नड, इंग्रजी. तेव्हा शिव्या घातल्या, पण तीन भाषांची सवय असल्यामुळंच जर्मन एवढी जड गेली नाही असं मी इथल्या लोकांना छाती फुगवून सांगतो. (पोरीला मराठी वाचता येत नाही हे मात्र सांगत नाही. रविवारी बसवतो तिला, पण रविवारी इथं काय काय असतं...)

तर ती पास झाली. कार्ड मिळालं, आईला व्हॉट्सॲपवर फोटो गेला, आईनं अख्ख्या गल्लीला दाखवला, पोरगी पोलिसात लागल्यासारखा.

रविवारी दोघं सायकलवरनं नेकार नदीच्या कडेनं गेलो. मी सवयीनं डावीकडं वळलो, हात नाही, मागं बघणं नाही. ती जागच्या जागी थांबली. "बाबा, परत." मला मागं नेऊन त्याच वळणावर तीनदा वळायला लावलं तिनं, कुत्रं फिरवणारी एक म्हातारी उभी राहून बघत होती. काल ऑफिसला जाताना रस्ता पूर्ण मोकळा होता, चिटपाखरू नव्हतं, तरी हात काढला. मागचा दिवा माझाही बंदच आहे म्हणा.