लिटल मोर्टन हॉल : कुळांच्या वहिवाटीत टिकलेला लाकडी वाडा

इंग्लंडमध्ये जुनी जहागिरदारी घरे पुष्कळ आहेत, परंतु त्यांतील बहुतेकांना पुढच्या पिढ्यांच्या सुबत्तेने आणि हौसेने इतके बदलून टाकले आहे की मूळ बांधकाम शोधावे लागते. चेशर परगण्यातील लिटल मोर्टन हॉल हे घर याला अपवाद आहे, आणि त्याचे कारण मालकांची गरिबी व कुळांची साधी गरज हे आहे, असे ते पाहून आल्यावर माझे ठाम मत झाले. गेल्या उन्हाळ्यात मी आणि पत्नी, आमच्याकडे रत्नागिरीहून आलेल्या आईला घेऊन, मँचेस्टरहून तिथे गेलो होतो.

खंदकावरील दगडी पुलावर उभे राहिले की दक्षिणेकडची बाजू समोर येते. काळ्या लाकडांच्या चौकटी, त्यांत भरलेले पांढरे गिलाव्याचे तुकडे, आणि प्रत्येक वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. सर्वांत वर सुमारे ६८ फूट लांबीचे दालन आहे आणि त्यावर जड दगडी फरश्यांचे छप्पर आहे. हे दालन मूळ आराखड्यात नसावे, काम चालू असतानाच ते चढवण्याचे ठरले असावे, असे अभ्यासक मानतात. त्या ओझ्याने खालच्या तुळया वाकल्या, भिंती फुगल्या, आणि संपूर्ण बाजू डोक्यावर पोते घेतलेल्या हमालासारखी कमरेत वाकली. तरीही ती साडेचारशे वर्षे उभी आहे, कारण ओकच्या लाकडाचे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले आहेत आणि असा सांगाडा तुटण्याआधी बराच वाकू शकतो.

चौकटींमधील भरणा काठ्यांच्या विणीवर माती लिंपून केला जात असे, असे तेथील स्वयंसेविकेने समजावून सांगितले, आणि मी भाषांतर करण्याआधीच आई म्हणाली, "अरे, हा तर आपला कूड!" कारवीच्या काड्या आणि शेणमाती यांच्या जागी इथे स्थानिक झाडांच्या फांद्या आणि माती आहे, एवढाच काय तो फरक. त्यानंतर आईला या घरात परके असे काही वाटले नाही.

घराचा सर्वांत जुना भाग म्हणजे मोठे दिवाणखान्याचे दालन. लाकडातील वर्तुळांच्या अभ्यासावरून ते १५०४ ते १५०८ या काळातले ठरते. पुढच्या पिढीतील विल्यम मोर्टनने १५५९ मध्ये चौकाच्या बाजूला अनेक पैलूंच्या दुमजली खिडक्या पुढे काढल्या, आणि त्यांच्या लाकडावर एक लेख कोरलेला आहे. मालकाचे नाव आणि साल यांच्यापाठोपाठ तिथे असे म्हटले आहे की रिचर्ड डेल सुताराने देवाच्या कृपेने या खिडक्या केल्या. राजवाड्यांवरही कारागिराचे नाव सहसा सापडत नाही. इथे ते धन्याच्या शेजारी, सर्वांना दिसेल असे आहे. चौकात उभे राहून मान वर करून तो लेख अवश्य शोधावा. घराला शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांचे सुमारे ३०,००० तुकडे आहेत, आणि जुन्या काचा किंचित लहरदार असल्यामुळे ढग सरकला की खिडकी हलल्याचा भास होतो.

एकेकाळी मोर्टन घराण्याची १,३६० एकर जमीन होती. सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या गृहयुद्धात हे घराणे राजाच्या बाजूने राहिले, मालमत्ता काही काळ जप्त झाली, आणि १६५४ मध्ये घरधनी मागे मोठे कर्ज ठेवून वारला. १६७० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंब इथे राहीनासे झाले आणि घर कुळांकडे गेले. १८४७ च्या सुमारास घराचा बराचसा भाग ओस होता आणि चॅपेलमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनागृहात, कोळसा साठवला जात होता. हे वाचून अनेकांना हळहळ वाटते. मला मात्र वाटते की त्या काळात एखाद्या धनाढ्य माणसाच्या हाती घर गेले असते, तर त्याने हे सर्व पाडून विटांचा प्रासाद बांधला असता. १८४१ पासून शंभराहून अधिक वर्षे इथे डेल आडनावाच्या एकाच कुटुंबाने शेती केली. विसाव्या शतकात पाहुणे येऊ लागले, तेव्हा सहा पेन्स घेऊन त्यांना घर दाखवण्याचे कामही हेच शेतकरी करत. १९३८ मध्ये घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आले. पुढे १९७६ मध्ये बैठकीच्या खोलीतील नंतरच्या काळातले भिंतीवरचे लाकडी तक्त्यांचे आवरण काढले, तेव्हा मागे सोळाव्या शतकातली रंगवलेली भिंत सापडली, तीही त्या झाकणामुळेच वाचलेली.

वरच्या लांब दालनात चढण्यासाठी लिफ्ट नाही आणि जिने अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी, आमच्या आईप्रमाणे, खाली मोठ्या दालनातील जुने जेवणाचे टेबल निवांत पाहावे. घरात मूळचे सामान फक्त तीन नग उरले आहे, त्यांतील हा एक. वर जाऊ शकणाऱ्यांनी मात्र टाळू नये. जमीन इतकी उतरती आहे की चालताना पावले आपोआप एका बाजूला जातात. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर गिलाव्यात नियती आणि दैव यांच्या मूर्ती आहेत. एकीचा नियम ज्ञान, दुसरीचा अज्ञान, असे खाली लिहिले आहे. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या १५५६ मधील खगोलग्रंथातील चित्रावरून त्या घेतल्या आहेत. 'बरोबर' (=) हे चिन्ह प्रथम छापणारा गणितज्ञ तो हाच. पावसाळी दिवसांत घरची मंडळी इथे फेऱ्या मारत आणि खेळत; लाकडी तक्त्यांमागे सतराव्या शतकातील चार टेनिसचे चेंडू सापडले आहेत.

चौकात गोटे जडवलेले असल्यामुळे सपाट तळाची पादत्राणे घालावीत. घर रोज उघडे नसते आणि हिवाळ्यात वेळा कमी होतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर दिवस तपासावा. आमच्यासारखे दुपारी जाऊ नये. सकाळी दार उघडताच गेल्यास वरचे दालन जवळजवळ मोकळे मिळते. घर काँगल्टनच्या नैर्ऋत्येस चार मैलांवर, ए-३४ रस्त्यालगत आहे. रेल्वेने येणाऱ्यांना किड्सग्रोव्ह स्थानक सर्वांत जवळचे, सुमारे तीन मैलांवर, परंतु मोठ्या रस्त्याने पायी जाणे सुखाचे नाही. टॅक्सी घ्यावी, आणि परतीची वेळ उतरतानाच चालकाशी ठरवून घ्यावी.