कातरणीनंतरचे १५ दिवस

दिवाळीआधीची कातरणी उरकली. कातरलेली मेंढरं उघडीबोडकी दिसतात, पण त्या दिवशी त्यांच्या अंगावरचं काहीच लपून राहत नाही. कानाच्या मुळाशी, जांघेत, शेपटीखाली चिकटलेल्या गोचिड्या, पाठीवर खरजेच्या खपल्या, सगळं समोर येतं.

गोचीड दिसली की लगेच औषध मारावंसं वाटतं. आमच्या माणदेशात काही जण कातरणीच्याच संध्याकाळी मारतातही. माझं कळकळीचं सांगणं, थांबा. कातरीनं कातडीला बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यातून औषध अंगात भिनतं. शिवाय बोडक्या अंगावर ते धरत नाही, निथळून जातं. दोन आठवड्यांत चिरा भरतात आणि औषध धरण्यापुरती लोकरही येते.

तोवर खरा धोका माशीचा. ओल्या चिरेवर बसली की एका दिवसात आळ्या. म्हणून रोज संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरतो. चीर दिसली की हळद आणि करंजाचं तेल. आणि खरजेची जनावरं कातरायला सगळ्यात शेवटी घ्यायची, नंतर कातर उकळत्या पाण्यातून काढायची. खरूज कातरीवरूनसुद्धा एकीची दुसरीला जाते.

दोन आठवडे झाले की मेंढरं हौदातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून धुवायची. त्याला उन्हाची सकाळ बघावी, आभाळ आलेलं नको. आधी मेंढरांना पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानलेलं जनावर हौदातलंच पितं. गोचीड-खरजेवर औषध म्हणून डेल्टामेथ्रिन घ्यायचं की अमिट्राझ, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा, आणि मात्रा सिरिंजनं मोजा. झाकणानं अंदाजे ओतणं मला अजिबात पटत नाही. औषध वाढवलं म्हणून गुण वाढत नाही, विषबाधा मात्र होते. दिवस भरत आलेली गाभण मेंढी हौदात ढकलू नका, तिचं अंग कापडानं हळूच पुसून घ्या. पण वगळू कुणालाच नका. एक खरजेलं मेंढरू राहिलं तरी महिन्याभरात कळप पुन्हा खाजवायला लागतो.

खरजेच्या किड्यांची अंडी या औषधानं मरत नाहीत, म्हणून १० ते १२ दिवसांनी दुसऱ्यांदा धुवायचं. हे बरेच जण टाळतात, कारण तोवर वाडा, म्हणजे मेंढपाळांचा मुक्काम, पुढच्या गावाला हललेला असतो. वाडा हलला तरी धुवाच.

उरलेलं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे आणि खेकडे मरतात. लांब कोरड्या माळावर खड्डा करून ओता.